अश्वत्थाम्याला कुणी विचारलेच नाही

आमच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी एक असा कैदी आणून ठेवण्यात आला होता, की ज्याचा स्वतःचा किल्ला अकबर बादशहालाही नुसत्या तोफांच्या बळावर घेता आला नव्हता. बहादुर फारुकी हे त्याचे नाव. खानदेशच्या फारुकी घराण्याचा तो शेवटचा सुलतान. आणि त्याचा किल्ला म्हणजे बऱ्हाणपूरच्या उत्तरेस वीसेक किलोमीटरवर, सातपुड्याच्या एका उंच माथ्यावर बसलेला असीरगड. एवढ्या बळकट किल्ल्याचा धनी एके दिवशी आपल्या पायांनी बाहेर गेला तो परत आला नाही. तो बाहेर कसा गेला, हे सांगण्यासाठी आजचा लेख आहे. कारण तशाच रीतीने हल्ली आपल्या घरांतील वडीलधारी माणसे किल्ल्याबाहेर नेली जात आहेत. नेणाऱ्याच्या हाती फौज नसते, नुसता टेलिफोन असतो.

मी इतिहाससंशोधक नव्हे, गायनमास्तर आहे. आजोबा शिंदे दरबारचे गवई, आणि वडीलही पोरवयात त्यांच्या मागे तंबोरा धरून दरबारची हजेरी लावीत. १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा वडिलांना अजून मिसरूडही फुटले नव्हते. पण ‘दरबारचे गवई’ ही उपाधी त्यांना जन्मभर चिकटून राहिली. असीरगडाचे नाव मी त्यांच्याच तोंडून प्रथम ऐकले. तो किल्ला एके काळी आपल्या शिंद्यांचा, एवढाच त्यांचा अभिमान. गेल्या हिवाळ्यात गायनाच्या परीक्षा घेण्याच्या निमित्ताने बऱ्हाणपुरास जाणे झाले, तेव्हा एक सकाळ मोकळी काढून मी किल्ला पाहून आलो.

पायथ्यापासून माथा सुमारे साडेआठशे फूट उंच. खाली मलयगड, मध्ये कमरगड आणि वर प्रत्यक्ष असीरगड, अशी तटांची एकावर एक तीन कडी आहेत. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरणारी वाट त्याच्या नजरेखालून जाते, म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. वर मशिदीचे उंच मिनार, पाण्याची टाकी, वाढलेले गवत आणि एका अंगाला महादेवाचे जुने देऊळ. या देवळाची गोष्ट अशी सांगतात की चिरंजीव अश्वत्थामा कपाळावरची जखम घेऊन अद्याप या डोंगरात भटकतो आणि पहाटे कुणी उठण्यापूर्वी पिंडीवर ताजे फूल वाहून जातो. बरोबर आलेल्या गावकऱ्याने ही हकीकत इतक्या सहजतेने सांगितली, जणू काही शेजारच्या वाड्यातील एखाद्या विक्षिप्त काकांविषयीच बोलत होता. माझा विश्वास बसला असे नाही. पण त्या पायरीवर बसून मी अश्वत्थाम्यापेक्षा त्याच्या बापाचाच विचार अधिक करीत होतो.

द्रोणाचार्यांचा वध कसा झाला हे आपणा सर्वांस पाठ आहे. तरी तो प्रसंग आजच्या डोळ्यांनी पुन्हा एकदा पाहावा. महाभारतातील उल्लेखाचा अर्थ बहुतेक जण असा करतात की त्या वेळी द्रोणांचे वय पंच्याऐंशी होते. पंच्याऐंशी वर्षांचा तो म्हातारा अंगावर चालून आलेल्या सैन्याला एकटा जाळीत चालला होता. शस्त्राने तो पडणार नाही हे उमगल्यावर त्याच्या मर्मावर बोट ठेवण्यात आले. मर्म म्हणजे मुलगा. माळव्याचा राजा इंद्रवर्मा याचा अश्वत्थामा नावाचा हत्ती भीमाने मारला आणि अश्वत्थामा मेला अशी आरोळी ठोकली. द्रोणांनी लगेच विश्वास ठेवला नाही, ही गोष्ट आपण सांगताना विसरतो. त्यांना शंका आली. ते लढत राहिले. नंतर त्यांनी चौकशीही केली. आणि कुणापाशी केली, तर जन्मात खोटे न बोललेल्या युधिष्ठिरापाशी. युधिष्ठिराने होय म्हटले आणि हत्तीचा शब्द ऐकू येणार नाही इतक्या हळू उच्चारला. म्हाताऱ्याने धनुष्य खाली ठेवले. पुढचे काम धृष्टद्युम्नाने केले.

अश्वत्थामा त्या वेळी त्याच रणांगणावर होता. एक दूत पाठविला असता तर तो स्वतः समोर येऊन उभा राहिला असता. ज्याच्या मरणाची वार्ता होती, त्याला सोडून द्रोणांनी वार्ता आणणाऱ्यांच्याच पक्षातील माणसाला विचारले, आणि त्या माणसाची सत्यवादी म्हणून ख्याती होती म्हणून ते फसले.

टेलिफोनवरच्या फसवणुकीची सारी विद्या या एका प्रसंगात आहे. तुमच्या मुलाला पोलिसांनी धरले आहे. तुमच्या नातवाच्या गाडीखाली माणूस सापडला आहे. तुमच्या आधार क्रमांकावर घेतलेल्या टेलिफोनवरून गैरकृत्ये झाली आहेत. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली द्रव्य निघाले आहे. वृद्ध माणूस बावरतो, पण लगेच शरण जात नाही. तो म्हणतो, “मला खरे वाटत नाही.” त्यावर समोरून उत्तर येते, “मग आमच्या साहेबांशीच बोला.” हे साहेब म्हणजे युधिष्ठिर. अंगावर पोलिसी पोशाख, पाठीमागे भिंतीवर राजमुद्रा, बोलणे शांत आणि काहीसे सहानुभूतीचेही. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या एका ब्याऐंशी वर्षांच्या नामांकित उद्योगपतीला तर चक्क सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखविण्यात आली. सरन्यायाधीशांचे सोंग घेऊन एक जण त्यात बसला होता. सात कोटी रुपये गेले. हा गृहस्थ हजारो माणसांचा कारभार पाहणारा होता. तेव्हा अमका भोळा होता, तमका लोभी होता, असे म्हणून मोकळे होण्यात अर्थ नाही.

आपल्या ग्वाल्हेरचेच पाहा. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये येथील एका आश्रमातील जबाबदार स्वामींना सव्वीस दिवस या ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली धाकात ठेवून अडीच कोटींच्या वर रक्कम काढून घेण्यात आली. त्याच्या थोडे आधी टेकनपूरच्या सीमा सुरक्षा दलातील एक अधिकारी महिनाभर अशाच कैदेत होता. त्याचे सत्तर लाखांच्या वर गेले. एक संन्यासी आणि एक सैनिक! ज्याला धनाचा मोह नाही तो, आणि ज्याला बंदुकीचे भय नाही तो. तेव्हा मोह आणि भय यांच्यापलीकडचे काही तरी या लोकांना सापडले आहे, हे मान्य केले पाहिजे.

ते काय आहे, हे असीरगडाचा इतिहास फार चांगले सांगतो.

हा किल्ला फारुकींच्या हाती आला तोच मुळी एका खोट्या निरोपाने. फिरिश्त्याने दिलेली ही कथा अशी: आसा नावाचा एक अहीर सरदार किल्ल्याचा धनी होता. माणूस उदार, दुष्काळात त्याने आपली धान्याची कोठारे गोरगरिबांना उघडी केली होती. पंधराव्या शतकाच्या आरंभी नसीरखान फारुकीने त्याला कळविले की शत्रू माझ्यावर चालून येत आहेत, माझ्या घरातील बायकामाणसांना तुझ्या किल्ल्यात आसरा दे. पहिल्या दिवशी आलेल्या डोल्यांत खरोखरच स्त्रिया होत्या. आसाच्या घरच्या स्त्रियांनी त्यांचे स्वागत केले. दुसऱ्या दिवशी आणखी डोल्या आल्या, त्यांत हत्यारबंद शिपाई होते. आसा आणि त्याची मुले पाहुण्यांच्या स्वागताला पुढे झाली आणि तेथेच कापली गेली. दरवाजा फोडावा लागला नाही. आतिथ्याने तो आतून उघडला होता. ठगाचा पहिला टेलिफोनही असाच असतो. त्यात धमकी नसते. तुमचे नाव, पत्ता, कधी कधी बँकेच्या खात्याचे शेवटचे चार आकडेदेखील बरोबर सांगितलेले असतात. ही पहिल्या दिवसाची डोली. तिच्यात खरे असते म्हणूनच दुसरी आत येते.

अकबराची गोष्ट याच्याही पुढची. वेढा १६०० सालभर चालला. जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांवरून पुढे लिहिल्या गेलेल्या वृत्तांतात असे आहे की बादशहाने आपल्या शिराची शपथ वाहून बहादुरला भेटीस बोलाविले आणि सुखरूप परत जाऊ देण्याचे वचन दिले. बहादुर शरणागतीची खूण म्हणून गळ्यात उपरणे घालून आला. त्याला परत जाऊ दिले नाही, आणि त्याच्याच हातून किल्ला स्वाधीन करण्याचे पत्र लिहून घेण्यात आले. आतल्या लोकांनी ते सहजासहजी मानले नाही. तेव्हा पैसा पेरावा लागला, आणि जानेवारी १६०१ मध्ये दरवाजे उघडले. अबुल फज़लने हीच हकीकत निराळ्या रीतीने सांगितली आहे, आणि किल्ल्यात पसरलेल्या रोगराईलाही इतिहासकार महत्त्व देतात. ते वाद जाणकारांनी सोडवावेत. मला त्यातील दोन गोष्टी पुरेशा आहेत. धन्याला त्याच्या माणसांपासून तोडावयाचे, ही एक. आणि मग त्याच्याच हाताने सही करून घ्यावयाची, ही दुसरी.

‘डिजिटल अरेस्ट’ म्हणजे नेमके हेच. आपल्या देशाच्या कोणत्याही कायद्यात टेलिफोनवरून किंवा कॅमेऱ्यासमोर बसवून अटक करण्याची तरतूद नाही. पोलीस असे करीत नाहीत, न्यायालय करीत नाही, रिझर्व्ह बँक करीत नाही. पण म्हाताऱ्या माणसाला सांगतात की कॅमेरा बंद करावयाचा नाही, खोलीबाहेर जावयाचे नाही, मुलाला कळविलेत तर तोही आरोपी होईल. मग मुदतीच्या ठेवी मोडून पैसे पाठविण्याचे काम तो स्वतः बँकेत जाऊन, स्वतःच्या सहीने करतो. चोरी झाल्याची खूण कोठेच राहत नाही.

आणि हे सर्व अब्रूच्या धाकाने होते. आमच्या लष्करातल्या, जनकगंजातल्या किंवा दौलतगंजातल्या जुन्या घरांकडे पाहा. तीन पिढ्यांत दारात पोलीस आलेला नाही, कुणाचे कर्ज बुडविलेले नाही. अशा घरातील आजोबांना “तुमच्या नावावर वॉरंट आहे” असे म्हटले, की पैशाचा हिशेब मनातून पुसला जातो. शेजारी काय म्हणतील एवढेच उरते. दुसरी गोष्ट आमच्या सभ्यतेची. समोरचा बोलत असता मध्येच टेलिफोन खाली ठेवणे आमच्या वडीलधाऱ्यांना जमत नाही. भाजीवाल्यालाही ते “अहो, जरा ऐका” म्हणणारे. ठगाला ही सभ्यता ठाऊक असते आणि तो तिच्या आधारे तासच्या तास माणसाला बांधून ठेवतो.

गाणाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर तो लय आपल्या हाती घेतो. मैफिलीत आडमुठा तबलजी गवयाला कसा छळतो हे रसिकांनी पाहिले असेल. हळूहळू लय चढवीत नेतो, गवयाला श्वास घेऊ देत नाही, आणि समेवर यावयाच्या आत दुसरा तुकडा सुरू करतो. जाणता गवई अशा वेळी काय करतो? तो भांडत नाही. तो थांबतो, तंबोऱ्याकडे कान देतो आणि षड्ज लावतो. टेलिफोन खाली ठेवणे हे असे षड्ज लावणे आहे. मला वाटते, आपल्या वडीलधाऱ्यांना तंत्रज्ञानाची व्याख्याने देण्यापेक्षा एवढी एकच परवानगी आपण स्पष्टपणे द्यावी, की टेलिफोनवर उद्धट होण्यास हरकत नाही. खरोखरचा पोलीस अधिकारी असेल तर तो रागावणार नाही. रागावलाच तर घरी येईल, तेव्हा त्याला चहा देऊन क्षमा मागता येईल.

माझ्या आत्यांची हकीकत सांगतो. वय एक्याऐंशी. यजमान गेल्यापासून जुन्या वाड्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत एकट्या राहतात, आणि अजूनही आळीतल्या चारदोन मुलींना गाणे शिकवितात. एके दुपारी त्यांना कळविण्यात आले की दोन तासांत त्यांचा टेलिफोन बंद होणार आहे. मग मुंबईचे कुणी पोलीस अधिकारी बोलू लागले. मग दार लावून घेण्याचा हुकूम झाला. चार वाजता शिकवणीची मुलगी आली. आत्यांनी दार चार बोटे उघडले आणि म्हणाल्या, “आज नहीं बेटा, तबीयत ठीक नहीं है, कल आना.”

ती पोर जेमतेम तेरा वर्षांची. घरी परत जाण्याऐवजी ती समोरच्या जोशीकाकूंकडे गेली आणि म्हणाली, “काकू, आजी माझ्याशी हिंदीत बोलल्या.” आत्या बाजारात हिंदी बोलतात, बँकेत बोलतात, पण त्या मुलीशी त्यांनी आजवर मराठीखेरीज एक शब्द काढला नव्हता. ऐकणाऱ्याला कळावे म्हणून कुणाशीही हिंदीतच बोला असा त्यांना दम भरला होता, हे मागाहून समजले. काकूंनी मला बोलावून घेतले. मी गेलो तेव्हा आत्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला होता आणि पदर नीट डोक्यावर घेतला होता. वीस वर्षांत मी त्यांना घरात पदर घेतलेला पाहिला नव्हता. मी काही बोलण्यापूर्वीच पलीकडच्या माणसाने मला पाहिले असावे. पडदा काळा झाला. पैसे गेले नव्हते. ठेव मोडण्याचे दुसऱ्या दिवशी सकाळी ठरले होते.

मला त्या दिवशी सर्वांत कठीण गेले ते पुढचे दोन तास. आत्या रडल्या नाहीत. त्या एकच म्हणत राहिल्या, “मी एवढी शिकलेली, आणि तुला आता वाटेल की म्हातारीचे डोके चालत नाही.” याच धास्तीने किती माणसे घडलेला प्रकार घरच्यांपासून लपवितात! मुलगा रागावेल, सून हसेल, बँकेचे पुस्तक काढून घेतील, आपला कारभार दुसऱ्याच्या हाती जाईल. म्हणून ती गप्प बसतात, आणि तेच मौन ठगाच्या उपयोगी पडते. मी त्यांना लुधियानाच्या गृहस्थांची गोष्ट सांगितली, टेकनपूरच्या अधिकाऱ्याची सांगितली, आणि द्रोणाचार्यांची सांगितली तेव्हा कोठे त्या म्हणाल्या, “मग मी बऱ्याच बऱ्या संगतीत आहे म्हणायची.”

मुंबईत एका शहाऐंशी वर्षांच्या बाईंना डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून मार्च २०२५ च्या आरंभापर्यंत असेच कोंडून वीस कोटींच्या वर लुबाडण्यात आले. त्यांच्या वागण्यातला फरक प्रथम ध्यानात आला तो घरकाम करणाऱ्या बाईच्या. मालकीणबाई जेवणापुरत्या खोलीबाहेर येतात, एरवी दार बंद, हे तिने पाहिले आणि मुलीच्या कानावर घातले. एकीकडे तेरा वर्षांची विद्यार्थिनी, दुसरीकडे मोलकरीण. एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे रोज कोण येते याची यादी मुलांनी करावी, दूधवाला, पोळ्यांची बाई, औषधाच्या दुकानातला पोऱ्या, आणि त्यांच्यापाशी आपला टेलिफोन क्रमांक देऊन ठेवावा. परदेशात असलेल्या मुलाच्या रविवारच्या दर्शनापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

आता आवाजाविषयी, कारण तो माझा व्यवसाय. अनेक जण मला म्हणतात, “माझ्या नातवाचा आवाज मी झोपेतही ओळखीन.” ओळखाल, समोर असता. पण जुन्या टेलिफोनच्या तारेतून ध्वनीचा फक्त सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झचा पट्टा जात असे. मोबाइलवर तो आता काहीसा रुंद झाला आहे, तरी आवाज पुरता येत नाही. पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाची मूळ कंपने याच्या कितीतरी खाली असतात. तरीही टेलिफोनवर आपल्याला खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण वरच्या स्वरांशांवरून आपला कान तो मनातल्या मनात भरून घेतो. नातवाचा आवाजही असाच अर्धा तारेतून येतो आणि अर्धा आपल्या मायेतून. त्यात आता यंत्रांची भर पडली आहे. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी अवघ्या तीन सेकंदांच्या नमुन्यावरून माणसाच्या आवाजाची नक्कल करणारी रचना जाहीर केली. लग्नामुंजीत केलेल्या चित्रफिती ज्या सढळपणे आपण चहूकडे पाठवितो, त्यांतून असे तीन सेकंद मिळविणे काही अवघड नाही. तेव्हा “आजोबा, मी अडचणीत आहे” हा आवाज ओळखीचा वाटला, एवढ्याने तो ओळखीचा ठरत नाही. टेलिफोन ठेवावा आणि नातवाच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण होऊन लावावा. तो लागला नाही तर सुनेला, तिचा नाही तर त्याच्या मित्राला. अश्वत्थाम्यालाच विचारावे, आणि त्याचा पत्ता वार्ता आणणाऱ्याकडून घेऊ नये.

सरकार स्वस्थ बसले आहे असे म्हणता येणार नाही. १९३० हा राष्ट्रीय क्रमांक यासाठीच आहे. पैसे गेल्यावर पहिल्या तासाभरात तेथे कळविले तर ते मधल्या खात्यांत अडविता येण्याची शक्यता बरीच असते. दुसऱ्या दिवशी ती फारच कमी. हा क्रमांक भ्रमणध्वनीत असून उपयोगाचा नाही, कारण त्या वेळी भ्रमणध्वनी ठगाच्या ताब्यात असतो. तो दिनदर्शिकेवर, मोठ्या अक्षरांत लिहावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये भोपाळच्या पोलिसांनी एका गृहस्थाला अशा कैदेतून चालू कॅमेऱ्यासमोर जाऊन सोडविले. ऑक्टोबर २०२५ मध्ये हरियाणातील अंबाला येथल्या एका वृद्ध जोडप्याच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन या प्रकाराची दखल घेतली, आणि डिसेंबरच्या आरंभी त्याचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. त्या जोडप्याचे कोटीच्या वर गेले होते. पण त्यांनी लाज बाजूस ठेवून पत्र लिहिले, त्यामुळे एवढे घडले. टेलिफोन लावताना अमिताभ बच्चन यांच्या आवाजात जी सूचना वाजत असे, ती मात्र जून २०२५ मध्ये बंद झाली. सूचना चांगली होती. पण एकच मुखडा दिवसातून वीस वेळा ऐकविला की श्रोता मुखडाच ऐकेनासा होतो, हे कोणत्याही गवयाने सांगितले असते.

पलीकडे बोलणारा तरी कोण असतो? यांतील काही टोळ्यांचे अड्डे म्यानमार, कंबोडिया, लाओस या देशांत आहेत, आणि चांगल्या नोकरीच्या आमिषाने नेऊन तेथे डांबलेली आपलीच तरुण मुले पुष्कळदा तेथून बोलत असतात. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या सरहद्दीवरून सुटलेल्या अशा पाचशेहून अधिक भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी परत आणले. म्हणजे एका घरच्या आजोबांना फसविण्यासाठी दुसऱ्या घरचा नातू आधी फसविलेला असतो.

असीरगडाच्या इतिहासात मला एक किल्लेदार असा भेटला, की जो हुकमाला भुलला नाही. १८१९ साली इंग्रजांनी किल्ल्याला वेढा घातला तेव्हा तेथे शिंद्यांचा जसवंतराव लाड होता. दौलतरावांचा उघड हुकूम आलेला होता की किल्ला इंग्रजांच्या स्वाधीन करावा. जसवंतरावाने तो मानला नाही. वेढा सोसला, आणि तोफांपुढे इलाज चालेना तेव्हा ९ एप्रिल रोजी किल्ला दिला. नंतर इंग्रजांच्या हाती दौलतरावांचे एक खाजगी पत्र लागले. त्यात नागपूरचे आपासाहेब भोसले सांगतील तसे करावे, असे त्याला लिहिलेले होते. या प्रकरणातील राजकारण काय असेल ते असो. धन्याच्या नावाने आलेला प्रत्येक हुकूम धन्याचा नसतो, आणि खरा कोणता हे ओळखण्याची वाट दोघांत आधीच ठरलेली असावी लागते, एवढे त्या किल्लेदाराला माहीत होते.

वडील सांगत, दरबारातून अवेळी बोलावणे आले की आजोबा आधी चोपदाराचे तोंड पाहात. ओळखीचा असेल तर तंबोरा उचलीत. नवखा असेल तर “उद्या सकाळी येतो” म्हणून निरोप देत, मग बोलावणे प्रत्यक्ष महाराजांचे का असेना. नवख्याला घेऊन आत जाणारा गवई मुकाट्याने कोणत्या तरी भाऊबंदकीत सापडतो, असा त्यांचा अनुभव होता.

आमच्या घरात आता अशी एक खूण ठरली आहे. पैशाचा विषय टेलिफोनवर कुणीही काढला, मग तो मी असो, माझी बायको असो की पुण्याचा भाचा, तर आत्या एक प्रश्न विचारतात. उत्तर चुकले की टेलिफोन खाली. प्रश्न त्यांनी स्वतःच निवडला. आमच्या आजीच्या एका खोडीविषयी आहे, आणि तो कोणत्याही कागदपत्रात किंवा चित्रफितीत सापडण्यासारखा नाही. मागच्याच आठवड्यात मी विजेच्या बिलाविषयी सहज विचारले, तेव्हा त्यांनी मला तो विचारला. मी उत्तर दिले. त्या म्हणाल्या, “बरोबर आहे. पण आवाज बसलाय तुझा. रियाझ होत नाही वाटतं?”